चिंधीचे मोल

महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाणारी एक जुनी लोककथा आहे. एकदा श्रीकृष्णाचे बोट कापले आणि रक्ताची धार लागली. बोटाला बांधण्यासाठी चिंधी हवी होती. ती मागण्यासाठी प्रथम बहिणीच्या, म्हणजे सुभद्रेच्या घरी निरोप गेला. सुभद्रेच्या पेटीत शालू होते, पैठण्या होत्या. परंतु एवढ्या भारी वस्त्रांतून चिंधी कशी फाडावी, हे तिला कळेना. मग तोच निरोप द्रौपदीकडे गेला. तिने क्षणाचाही विचार न करता अंगावरचे भरजरी वस्त्र टरकन फाडले आणि कृष्णाच्या बोटाला पट्टी बांधली. पुढे द्रौपदीवर संकट आले, तेव्हा कृष्णाने या एका चिंधीची फेड असंख्य वस्त्रांनी केली, असे ही कथा सांगते.

एरव्ही चिंधीइतकी क्षुल्लक वस्तू दुसरी नाही. बाजारात तिला कोणी कवडीही देणार नाही. असे असूनही या कथेत तिला राजवस्त्राहून अधिक मान मिळाला. कारण ती वेळेला उपयोगी पडली आणि आपुलकीने दिली गेली. वस्तूची किंमत आणि वस्तूचे मोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. किंमत बाजारात ठरते. मोल मात्र त्या वस्तूसाठी कोणी किती कष्ट घेतले आणि ती कोणाच्या किती उपयोगी पडली, यावरून ठरते. जुन्या व टाकून दिलेल्या वस्तूंतून शोभेची भूषणे आणि भेटवस्तू बनविण्याची जी कला आहे, तिचा पाया हाच आहे.

पूर्वीच्या मराठी घरात ‘टाकाऊ’ हा शब्द फार जपून वापरला जात असे. एका नऊवारी लुगड्याचीच गोष्ट पाहावी. लुगडे नवे असेतोवर ते सणासुदीला नेसले जाई. पुढे ते रोजच्या वापरात येई. मध्ये विरले, की विरलेला भाग काढून धड भाग एकमेकांना जोडीत; याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडेही झिजले, म्हणजे त्याच्या चांगल्या भागातून लहान मुलीचा परकर निघे. परकर आखूड झाला, की त्याचे तुकडे गोधडीत जात. गोधडीच्याही चिंध्या झाल्या, म्हणजे त्यांतून पोतेरे होई, आणि अगदी अखेरीस उरलेल्या चिंध्या पिळून, तेलात भिजवून त्यांचा काकडा पेटवीत. विणकराच्या मागावर जन्मलेले वस्त्र असे प्रकाश देऊन संपत असे. जे कपडे घरात कोणत्याच उपयोगाचे नसत, ते दारावर येणाऱ्या बोहारणीला देऊन त्यांच्या बदली एखादे भांडे घेत. बोहारीण ते कपडे धुऊन, नीट करून, ज्यांना नवे घेणे परवडत नाही त्यांना विकत असे.

या प्रवासातील सर्वांत सुंदर टप्पा म्हणजे गोधडी. काही भागांत तिला वाकळ असेही म्हणतात. गोधडी शिवणे वरवर सोपे दिसते, परंतु तीत पुष्कळ शहाणपण साठविलेले आहे. प्रथम एक मोठे जुने लुगडे जमिनीवर पसरतात. त्यावर जुन्या वस्त्रांचे थर सारखे अंथरतात. सर्वांच्या वर रंगीबेरंगी तुकड्यांचा थर येतो. मग सर्व थरांतून आरपार जाणारा धावदोरा घालीत संपूर्ण गोधडी शिवली जाते. टाके जितके जवळ आणि सारखे, तितकी गोधडी टिकाऊ.

जीर्ण वस्त्रांपासून बनलेली वस्तू इतकी वर्षे कशी टिकते, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर थरांच्या रचनेत आहे. प्रत्येक थर कोठे ना कोठे विरलेला असतो. पण सर्व थर एकाच जागी विरलेले नसतात. एका थराचे भोक दुसऱ्या थराच्या धडपणाने झाकले जाते. धावदोरा त्या सर्वांना एकत्र धरून ठेवतो, त्यामुळे ओढ बसली तरी ती एकाच थरावर न पडता सर्वांवर वाटली जाते. गोधडीच्या उबेचे रहस्यही असेच आहे. थरांच्या मधे थोडी थोडी हवा अडकून राहते. हवेतून उष्णता सहजासहजी पलीकडे जात नाही. म्हणून अंगाची ऊब अंगाशीच राहते.

घरात बाळ जन्माला येणार असेल, तर आजी जुन्या मऊ सुती लुगड्याचे लहानसे दुपटे शिवून ठेवते. विकत मिळणारे नवे कोरे कापड पुष्कळदा खळीने ताठर असते. अनेक वर्षे धुतले गेलेले सुती वस्त्र इतके मऊ होते, की बाळाच्या कोवळ्या त्वचेला ते टोचत नाही. येथे जुनेपणा हाच गुण ठरतो. बाळाला मिळणाऱ्या पहिल्या भेटींपैकी ही एक. आणि ती पणजीच्या, आजीच्या, आईच्या वस्त्रांची मिळून बनलेली असते.

हे कौशल्य एकट्या महाराष्ट्राचे नाही. बंगालमध्ये जुन्या साड्या आणि धोतरे यांचे थर शिवून ‘कांथा’ बनवितात. त्यावरील पाने, फुले, पक्षी आणि हत्ती यांचे भरतकाम करण्यासाठी तेथील स्त्रिया जुन्या साडीच्या काठातूनच रंगीत धागे ओढून काढीत. म्हणजे वस्त्रही जुने आणि धागाही जुना. नवी होती ती केवळ कल्पना. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ नावाची गोधडी कडेपासून शिवीत शिवीत मध्यापर्यंत येतात, आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. या तुकड्यांना त्या फुले म्हणतात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. थंडीपासून रक्षण करण्याच्या कामी या फुलांचा काहीच उपयोग नाही. तरीही ती हवीत. कारण मनुष्याला उपयोगाइतकीच शोभाही प्रिय असते, मग त्याच्याजवळ साधन कितीही थोडे असो.

चिंध्यांना मान मिळवून देणारा एक थोर पुरुष महाराष्ट्रात होऊन गेला. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज चिंध्या जोडून केलेला अंगरखा घालीत. त्यांच्याजवळ एक मातीचे फुटके गाडगे असे. लोकांनी त्यांना नाव दिले ते त्या गाडग्यावरूनच. गावात पाऊल टाकताच हातात खराटा घेऊन ते रस्ते झाडू लागत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडीत. १९५६ साली त्यांचे निधन झाले. ज्या वस्तू लोक उकिरड्यावर टाकतात, त्याच वस्तू अंगावर बाळगून त्यांनी लोकांना स्वच्छतेचा धडा दिला.

चिंध्यांचा आणखी एक उपकार आहे. तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरापर्यंत पोहोचतो. तो म्हणजे कागद. चीनमध्ये त्साय लुन नावाच्या राजदरबारातील अधिकाऱ्याने इ. स. १०५ मध्ये कागद बनविण्याची कृती सम्राटाला सादर केली, असे परंपरेने मानले जाते. त्याने वापरलेले पदार्थ कोणते होते? झाडांच्या साली, तागासारखे तंतू, चिंध्या आणि मासे धरण्याची जुनी जाळी! ज्या कागदावर जगातील ज्ञान साठविले गेले, तो कागद मुळात टाकलेल्या वस्तूंतून निघाला. पुण्यात १९४० साली के. बी. जोशी यांनी महात्मा गांधींच्या ग्रामोद्योगाच्या विचाराने प्रेरित होऊन हातकागदाची संस्था सुरू केली. तेथे सुती चिंध्या कुटून, त्यांचा लगदा करून उत्तम कागद बनविला जाऊ लागला. लाकडाच्या लगद्यापासून केलेला वर्तमानपत्राचा कागद उन्हात लवकर पिवळा पडतो. चिंध्यांच्या कागदात लाकडातील तो पिवळा पडणारा पदार्थ नसतो आणि त्याचे तंतूही लांब असतात. म्हणून तो दीर्घकाळ टिकतो.

चिंधीचा कागद होतो, तसेच रद्दीतील कागदाचे भूषणही होऊ शकते. जुन्या मासिकांचे किंवा दिनदर्शिकांचे गुळगुळीत रंगीत कागद घेऊन त्यांचे मणी करता येतात. त्यासाठी लागणारे साहित्य फारच थोडे आहे : रंगीत रद्दी, मोजपट्टी, पेन्सिल, कात्री, डिंक आणि केरसुणीचा एक गुळगुळीत हीर.

प्रथम कागदावर लांब, निमुळते त्रिकोण आखावेत. त्रिकोणाचा पाया अडीच सेंटिमीटर आणि लांबी सुमारे पंचवीस सेंटिमीटर असावी. ते एकाला एक लागून, उलटसुलट आखले म्हणजे कागद वाया जात नाही. वीस सेंटिमीटर रुंद पानावर आठ त्रिकोण सुलटे आणि त्यांच्या मधल्या जागेत सात उलटे, असे एकूण पंधरा त्रिकोण बसतात. ते कात्रीने सरळ कापून घ्यावेत. मग एका पट्टीची रुंद बाजू हिरावर ठेवून ती घट्ट गुंडाळू लागावी. पहिला वेढा कोरडा ठेवावा. नाहीतर मणी हिराला चिकटून बसेल. पुढील वेढ्यांना डिंकाचे बारीक बोट लावीत जावे. पट्टीचे निमुळते टोक मण्याच्या बरोबर मध्यावर यावे, याकडे सारखे लक्ष ठेवावे. शेवटी टोक चिकटवून मणी हळूच हिरावरून ओढून घ्यावा आणि सावलीत वाळू द्यावा.

असा मणी दोन्ही टोकांशी बारीक आणि मध्ये फुगीर होतो. याचे कारण साधे आहे. पट्टी जसजशी अरुंद होत जाते, तसतसा प्रत्येक नवा वेढा कमी जागा व्यापतो. टोकांवर वेढे थोडे पडतात, मध्यावर सर्वच्या सर्व पडतात. पट्टी अधिक लांब घेतली, तर मणी अधिक फुगीर होतो. त्रिकोणाऐवजी सारख्या रुंदीची पट्टी घेतली, तर नळीसारखा मणी मिळतो. आणि निमुळते टोक एका बाजूला सरकले, तर मणी वाकडा होतो. एखाद्याचे पहिले चार-पाच मणी वाकडे झाले, तर त्याने खट्टू होऊ नये. हाताला वळण लागेपर्यंत तसे व्हायचेच. शिवाय वाया गेला तो रद्दीचाच कागद असतो!

मणी वाळले म्हणजे त्यांवर पारदर्शक रोगणाचा पातळ हात द्यावा. हे काम मोकळ्या हवेत आणि मोठ्या माणसांच्या देखत करावे. रोगणामुळे कागदाला चकाकी येते आणि घामाने किंवा दमट हवेने तो लवकर बिघडत नाही. अडीच सेंटिमीटर लांबीचे चोवीस मणी ओवले, की साठ सेंटिमीटर लांबीची माळ होते. म्हणजे दोन पानांच्या रद्दीतून एक माळ होऊन वर सहा मणी उरतात. त्या उरलेल्या मण्यांतून कर्णभूषणे करावीत, किंवा राखीपौर्णिमेच्या राखीत एखादा मणी बसवावा. आफ्रिकेतील युगांडा देशात अनेक स्त्रिया अशा कागदी मण्यांच्या माळा करून विकतात आणि त्यांच्या विक्रीतून संसाराला हातभार लावतात. दूर देशांतील लोक त्या माळा हौसेने गळ्यात घालतात. त्या मण्यांत एके काळी जाहिराती छापलेल्या होत्या, हे घालणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

ज्याला शिवणाची आवड आहे, त्याने शिंप्याकडे कपडे बेतून उरलेले खणाचे किंवा छिटाचे तुकडे मागून आणावेत. ते एकमेकांना जोडून तीस सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ कापावे. त्याची कड आत दुमडून, दोरी जाईल एवढी पोकळी ठेवून शिवावी. जुन्या नाडीचे दोन तुकडे समोरासमोरच्या बाजूंनी त्या पोकळीत ओवले, की सुबक बटवा तयार होतो. नाड्या ओढल्या की तो मिटतो, कडा फाकविल्या की उघडतो. आजीच्या सुपारीसाठी, आईच्या सुट्ट्या नाण्यांसाठी किंवा मित्राच्या गोट्यांसाठी याहून चांगली भेट सापडणे कठीण आहे.

टाकलेल्या वस्तूंतून मनुष्य केवढे मोठे काम उभे करू शकतो, याचे एक उदाहरण चंदीगड शहरात आहे. ते शहर नव्याने वसविले जात होते, तेव्हा नेक चंद नावाचे एक गृहस्थ तेथे रस्त्यांवर देखरेख करणारे सरकारी नोकर होते. शहरासाठी जुनी गावे पाडली गेली होती आणि फुटकी कौले, विटा, कपबश्या यांचे ढीग जागोजाग पडले होते. १९५७ च्या सुमारास नेक चंदांनी ते तुकडे सायकलवरून जंगलातील एका एकांत जागी नेण्यास आरंभ केला. दिवसा नोकरी आणि उरल्या वेळात हे काम, असे त्यांनी पुष्कळ वर्षे कोणाला न सांगता चालविले. फुटक्या बांगड्यांच्या काचा त्यांनी सिमेंटच्या बाहुल्यांच्या अंगावर अशा बसविल्या, की त्या बाहुल्यांनी झगमगीत वस्त्रे नेसली आहेत असे वाटावे.

ती जागा राखीव होती. तेथे काहीही बांधण्यास मनाई होती. हे काम अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडले, तेव्हा सर्व मूर्ती पाडून टाकाव्यात की काय, असा प्रश्न उभा राहिला. परंतु लोकांना ती बाग इतकी आवडली, की ती पाडण्याऐवजी १९७६ साली सर्वांसाठी खुली करण्यात आली. नेक चंदांना तेच काम पुढे चालविण्यासाठी पगार आणि मदतीला मजूर देण्यात आले. १९८४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. २०१५ साली ते निवर्तले. त्यांची ‘रॉक गार्डन’ मात्र आजही हजारो लोक पाहण्यास जातात. ज्या फुटक्या बांगड्या केरात जायच्या, त्या पाहण्यासाठी लोक आता तिकीट काढतात.

तथापि जुन्या वस्तूपासून काहीतरी केले, म्हणजे ते आपोआप चांगलेच झाले, असे समजू नये. पुष्कळदा डब्याला रंग फासून, त्यावर टिकल्या चिकटवून त्याला शोभेची वस्तू म्हटले जाते. चार दिवसांत टिकल्या गळतात, रंग उडतो आणि तो डबा पुन्हा केरात जातो. या वेळी मात्र तो एकटा जात नाही. विकत आणलेला रंग, डिंक आणि टिकल्या यांनाही तो बरोबर घेऊन जातो. म्हणून वस्तू करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू कोणाच्या उपयोगाची किंवा आनंदाची आहे काय? ती पुरेशी टिकेल काय? आणि ती करण्यासाठी नवीन सामान जुन्यापेक्षा अधिक लागत नाही ना? तिन्ही उत्तरे समाधानकारक असली, तरच कामाला हात घालावा.

सामान निवडतानाही विवेक हवा. कापड धुऊन, उन्हात वाळवून घ्यावे. गंजलेले पत्रे, औषधांच्या बाटल्या, दवाखान्यातील कोणतीही वस्तू, जुन्या बॅटऱ्या यांना हात लावू नये. फुटलेल्या काचेचे काम मुलांनी एकट्याने करू नये. आणि भेट द्यावयाची ती जुन्या वस्तूपासून केलेली असली, तरी अस्वच्छ किंवा ओबडधोबड असू नये. ‘फुकटची आहे, म्हणून कशीही चालेल’ हा विचार ज्याला भेट द्यावयाची त्याचा अपमान करणारा आहे.

पूर्वीच्या लोकांनी लुगड्याचा काकडा होईपर्यंत त्याचा उपयोग केला, तो बहुधा गरजेपोटी. कापड दुर्मीळ होते आणि पैसा थोडा होता. आज अनेक घरांत तशी टंचाई नाही. कपडे सहज मिळतात आणि तितक्याच सहजतेने टाकले जातात. परंतु वस्तू स्वस्त झाली, म्हणून तिच्यासाठी पडलेले श्रम कमी झाले असे नाही. एका सुती सदऱ्यामागे, कापूस पिकविण्यापासून कापड तयार होईपर्यंत, सुमारे २७०० लिटर पाणी खर्च होते, असा एक अंदाज आहे. त्यात विदर्भातल्या एखाद्या शेतकऱ्याचा घाम असतो, कापूस वेचणाऱ्या बायांच्या बोटांवरचे ओरखडे असतात, सूतगिरणीतील आणि शिलाईच्या यंत्रावरील रात्रपाळ्या असतात. सदरा फेकताना हे सर्व फेकले जाते. त्यातच आजची पुष्कळशी वस्त्रे आणि वेष्टने कृत्रिम धाग्यांची व प्लास्टिकची असतात. सुती चिंधी मातीत मिसळून जाते. प्लास्टिक मात्र वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. म्हणूनच महाराष्ट्र शासनाला २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालावी लागली. जुन्या चादरीची एक घट्ट शिवलेली पिशवी अशा कित्येक पिशव्यांची गरज नाहीशी करते.

एखाद्या मुलीने आपल्या धाकट्या भावाला त्याच्याच आखूड झालेल्या सदऱ्याचा बटवा करून दिला, तर त्या भेटीला पैसे पडत नाहीत. पण तो सदरा बेतताना तिची बोटे दुखलेली असतात, एकदा तरी सुई टोचलेली असते, आणि शिवताना मनात त्याचाच विचार असतो. बाजारातील दुकानात हे काही विकत मिळत नाही. सुभद्रेच्या पेटीत पैठण्या होत्या, तरी वेळेला हाती चिंधी नव्हती. द्रौपदीजवळ चिंधी नव्हती, पण देण्याचे मन होते. आणि मन असले, की चिंधी सापडते.